गाईच्या चित्राचं चॉकलेट आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो हुपरीहून एसटीनं येणाऱ्या, माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीवर. २००३च्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी साडेसहाला, कोल्हापुरातल्या आमच्या रशियन वर्गाच्या जिन्यात. करणारी मी.

बाईंचा भाचा रशियात डॉक्टरकी शिकत होता. त्यानं आणलेली चॉकलेटं बाई टेबलावर ओतायच्या आणि त्यांवरून लाडाचे शब्द शिकवायच्या. आपण बाळाचं बाळू करतो, तसं ते लोक वस्तूंचंही करतात. कन्फेता म्हणजे गोळी, कन्फेत्का म्हणजे इवलीशी गोळी. वेष्टनावर गाय असली तर करोवाची करोव्का करायची. जी आधी बोलेल तिला चॉकलेट.

दर वेळी तीच बोलायची. माझा शब्द जुळेपर्यंत तिच्या तोंडात चॉकलेट विरघळत असायचं. वेष्टन नखानं सपाट करून ती वहीत ठेवायची. नऊ झाली होती. मी मोजत होते. माझ्याकडं एकही नव्हतं. एकदा तिनं अर्धं पुढं केलं, "खा की गं." मी म्हटलं, मला गोड आवडत नाही. धडधडीत खोटं.

विद्यार्थी संघटनेत मी पत्रकं लिहायला शिकले होते. ते हत्यार तिच्यावर चालवलं. 'बाई लाडकीला उत्तरं आधीच सांगतात' असं लिहून झेरॉक्स जिन्यात चिकटवली. पुरावा काही नव्हता. पोटात दुखत होतं, एवढंच.

तिनं वाचलं. "तू लिवलंस न्हवं? अक्षर तुझंच हाय की."

"व्हय."

"इचारायचं तरी. घरच्या चांदीकामात पैंजणाला घुंगरं लावताना दर घुंगराला एक शब्द म्हणती मी. तू किती येळा म्हणतीस?"

मी एकदाही म्हणत नव्हते.

आठवड्याभरात ते तिच्या वडलांच्या कानावर गेलं. "वशिल्याचं शिक्षण नको आपल्याला," म्हणाले आणि तिचा वर्ग बंद केला. पुढचं चॉकलेट मला मिळालं. खरं सांगते, आधी बरंच वाटलं. लाज मागाहून आली. आणि तिच्या जिभेचा हेवा अजून गेलेला नाही.

मी हुपरीला जाऊन कबूल केलं. तिच्या वडलांनी ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "तवा खोटं लिवलंस, आता खरं कशावरनं?"

म्हणून हे दुसरं पत्रक त्याच जिन्यात लावतेय. तो पहिला कागद वाचून पुढं चार जणांना सांगणाऱ्यांनो, आता तुम्ही जा. तिच्या उंबऱ्यात उभं राहून वडलांना सांगा, पोरगी स्वतःच्या कष्टानं शिकली होती, तिला वर्गाला पाठवा.