दार लावा, आत कुणीतरी राहतं

होबार्टच्या त्या संशोधन संस्थेत, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, इन्क्युबेटरच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. ऊन न लागताही तो पिवळा पडला होता. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘दार लावा. आत कुणीतरी राहतं.’

अक्षर ग्लेनिस पर्डनचं. तेहतीस वर्षं ती त्या खोलीत पेशी वाढवत होती. माणसांच्या गाठींमधून कधीकाळी काढलेल्या, आणि तो माणूस गेल्यावरही वाढतच राहिलेल्या पेशी. चपट्या बाटल्यांत, गुलाबी द्रवात, सदतीस अंशांच्या उबेत त्या राहायच्या. ग्लेनिस त्यांचा द्रव बदलायची, दाटी झाली की अर्ध्या पेशी दुसऱ्या बाटलीत हलवायची. या कामाला तिथे सगळे ‘खाऊ घालणं’ म्हणत. नव्या मुलांनी दार दोन क्षण जास्त उघडं ठेवलं की तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा, ‘दार!’ एका नाताळात सगळ्यांनी मिळून तिला दाराची पितळी कडी भेट दिली. ती मनापासून हसली. कडी घरी नेली, आणि ती कुठे लावायची हे न सुचल्याने खिडकीत ठेवून दिली.

घर मूनाला, बसने वीस मिनिटांवर. तिथे ती आणि तिची थोरली बहीण अ‍ॅविस राहायच्या. दोघींनी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच, तर अ‍ॅविस म्हणायची, “एकीला कुणी विचारलं नाही, आणि दुसरीने कुणाचं ऐकलं नाही.” कोण कुठली, ते सांगायची नाही.

ह्यूऑन खोऱ्यात वडिलांची सफरचंदांची बाग होती. सदुसष्टच्या फेब्रुवारीत वणव्याने सगळा मुलूख पेटला तेव्हा ग्लेनिस चार वर्षांची होती, अ‍ॅविस नऊ. अ‍ॅविसने तिला कडेवर घेतलं, ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, आणि दोघींच्या डोक्यावर ओली घोंगडी धरून तिने ती दुपार काढली. ग्लेनिसला त्यातलं काही आठवत नव्हतं, भिजलेल्या लोकरीचा वास सोडून. अ‍ॅविस त्याबद्दल कधी बोलली नाही. पण पुढे जिथे राहिली तिथे मागच्या दाराशी पाण्याने भरलेली बादली ठेवत राहिली. आठवडाभर पाऊस लागला तरी. सहा वर्षांपूर्वी आतड्याच्या कॅन्सरने अ‍ॅविस गेली. बादली आता ग्लेनिस भरते.

अ‍ॅविस गेल्यावर बाकीचे वार कसेबसे जागेवर राहिले. रविवार मात्र मोकळा झाला. रविवारी दोघी मिळून मेंढीची तंगडी भाजायच्या. एकटीसाठी तेवढी तंगडी कुणी विकत नाही. पेशींना मात्र रविवारीही खाऊ लागतो. त्याच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर असायचा आणि प्रत्येकाला आपली पाळी टाळायची असायची. कुणाच्या पोराचा वाढदिवस, कुणाला डोंगरावर जायचं. ग्लेनिस म्हणायची, “दे, मी येते.” हळूहळू तक्त्यावर फक्त तिचंच नाव उरलं, आणि मग कुणी तक्ता लावेनासं झालं.

तीन वर्षांपूर्वी मेलेआने आली. टोंगा बेटांवरची, सिडनीत वाढलेली, उंच, मोठ्याने हसणारी. पीएचडी करायला आली होती. पहिल्याच दिवशी तिने ग्लेनिसला ‘आंटी’ म्हटलं.

“मी कुणाची आंटी नाही,” ग्लेनिस म्हणाली.

“मग आतापासून हो. आमच्यात पांढऱ्या केसांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली तर आई कानफटात देईल.”

“तुझी आई सिडनीत आहे.”

“तिचा हात लांब आहे, आंटी.”

मेलेआनेचं काम आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर होतं. ग्लेनिसने एकदा विचारलं तेव्हा तिने समजावून सांगितलं होतं, “पेशीच्या आत पाककृतींची एक वही असते असं समज. वही आपण बदलत नाही, एक अक्षरही नाही. पण पेशीला एकदा चटका बसला ना, तर ती घाबरून काही पानं टाचण्या लावून मिटून टाकते. मग ती पेशी दोन होते, दोनाच्या चार, आणि टाचण्याही सोबत जातात. त्या पेशीच्या नातीच्या मुलीला, पणतीला, चटका बसलेलाच नसतो, पण पान मिटलेलं. आणि नेमकं तेच पान उघडं नसलं तर औषध चालत नाही. गाठ मरत नाही.”

“कशाला घाबरलो ते विसरायचं, पण घाबरणं चालू ठेवायचं,” ग्लेनिस म्हणाली.

“वा आंटी! हे मी प्रबंधात घालते.”

प्रयोग सरळ होता. निम्म्या बाटल्यांना बेचाळीस अंशांवर एक तास चटका द्यायचा, मग सहा आठवडे शांत ठेवायचं, आणि टाचण्या मोजायच्या. उरलेल्या निम्म्यांना खाऊ घालण्यापलीकडे हातच लावायचा नाही. त्या ‘साध्या’ बाटल्या. साध्यांत टाचण्या नाहीत आणि चटकेवाल्यांत आहेत असं दिसलं, तरच चटक्याचा परिणाम सिद्ध होणार.

पण साध्या बाटल्या साध्या राहीनात. चौदा वेळा प्रयोग झाला, त्यात बारा वेळा साध्या पेशींतही तीच पानं मिटलेली निघाली.

मंगळवारच्या बैठकीत प्रयोगशाळेचा प्रमुख हॅमिश चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “मेल, या पेशीच मुळात बिघडलेल्या आहेत. किंवा तुझी मोजायची पद्धत. मला पुढचं वर्ष यावर घालवता येणार नाही.”

“द्रव तपासला. बाटल्या तपासल्या. इन्क्युबेटरचं तापमान तपासलं,” मेलेआने म्हणाली. ती हसत नव्हती.

“हाताळणीत काही?”

“हाताळते ग्लेनिस,” पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

हॅमिशही हसला. “मग तो प्रश्नच नाही. ग्लेनिस झोपेतही दार लावते. शुक्रवारी सगळं फेकून दे, मेल. नवा विषय शोधू. तीन वर्षं गेली खरी, पण चौथं तरी वाचेल.”

ग्लेनिस हसली नाही. तिच्या कोटाच्या खिशात एक छोटी निळी वही होती, आणि ती अचानक जड लागायला लागली.

वही रविवारांची होती. कुणी लिहायला सांगितलेली नव्हती. रविवारी खाऊ घालायचं काम पाऊण तासात उरकायचं. मग समोर अख्खा दिवस. पहिल्या वर्षी ती सरळ बसने घरी जायची. मग एकदा, जायच्या आधी, तिने एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली जरा जास्त वेळ धरली. पेशी एकमेकींना खेटून पसरल्या होत्या, ओल्या फरशीसारख्या. एक पेशी दोन व्हायच्या बेतात होती. ते पूर्ण होईपर्यंत बघू, असं तिला वाटलं. तासभर गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. चटका बसलेल्या बाटल्या तिला बघवत नसत. त्या पेशी आक्रसलेल्या, अंग चोरून बसलेल्या. ती साध्याच काढायची. खिडकीपाशी, सूक्ष्मदर्शकाशेजारी ओळीने मांडायची आणि एकेकीकडे बघायची. वहीत लिहायची: तारीख, किती वाजता काढल्या, किती वाजता ठेवल्या, कशा दिसल्या. कधी ‘बऱ्या आहेत’. कधी ‘आज खूप दाटी, सणासारखी’.

हिवाळ्यात रविवारी इमारतीचा हीटर बंद असायचा. खोली पंधरा-सोळा अंशांवर यायची. बाटल्यांतला गुलाबी द्रव हळूहळू जांभळट व्हायचा. तसं होणं म्हणजे पेशी फार वेळ बाहेर राहिल्या, हे तिनेच तेहतीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. पण रविवारी तिच्या मागे उभं राहून ‘दार!’ म्हणणारं कुणी नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर मेलेआनेच्या प्रयोगांचा तक्ता आणि आपली निळी वही शेजारी ठेवली. चौदा ओळी. प्रत्येक ओळीसमोर तिने त्या त्या आठवड्यांतले रविवार मांडले. दोनच वेळा साध्या बाटल्या साध्या राहिल्या होत्या. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, फ्लू छातीत उतरून ती दीड महिना आडवी होती आणि एक मुलगा रविवारी कसाबसा खाऊ घालून पळायचा तेव्हा. आणि एकदा मार्चपासून, डोळ्याचं ऑपरेशन होऊन ती दीड महिना रजेवर होती तेव्हा. बाकी बाराच्या बारा वेळा ती होती.

गप्प बसली तर कुणाला कळणार नव्हतं. शुक्रवारी बाटल्या फेकल्या जातील, मेलेआने नवा विषय घेईल, आणि रविवार होते तसे राहतील. बोलली तर रविवार जातील. आणि बोलायचं तरी कसं? इतक्या वर्षांच्या बाईने सांगायचं, की मी बाटल्या बाहेर काढून त्यांच्याजवळ बसायचे? का बसायचीस, असं ते विचारतील.

झोपायच्या आधी तिने मागच्या दाराशी जाऊन बादली पाहिली. भरलेली होती. तरी तिने नळाखाली धरून आणखी थोडं पाणी घातलं, आणि ते कडेने सांडलं.

शुक्रवारी सकाळी मेलेआने पिवळी पिशवी घेऊन खोलीत आली. फेकायच्या बाटल्या त्या पिशवीत जातात. ग्लेनिस इन्क्युबेटरसमोर उभी होती.

“थांब,” ती म्हणाली. “तुझ्या पेशी बिघडलेल्या नाहीत. पद्धतही नाही. मी आहे.”

मेलेआनेला काही कळलं नाही. ग्लेनिसने निळी वही पुढे केली. मेलेआने उभ्याउभ्या पानं उलटत गेली. मध्येच तिचे ओठ मोजल्यासारखे हलले. मग ती स्टुलावर बसली.

“सत्तर मिनिटं? सोळा अंशांवर? आंटी, सत्तर मिनिटं?”

“एकदा नव्वद.”

“आणि मी तीन वर्षं रात्रंदिवस डोकं फोडून घेतेय! द्रव बदलला, कंपनी बदलली, सिडनीहून पेशी मागवल्या. मी आईला फोनवर सांगितलं की मला हे जमत नाही, मी परत येते.” तिचा आवाज चढला, फुटला. “तू समोर होतीस. रोज समोर होतीस.”

“मला बुधवारीच कळलं. पण त्याआधी कळायला हवं होतं.”

“का? काय बघत होतीस एवढं?”

ग्लेनिसला वाटलं होतं या प्रश्नापाशी आपलं तोंड मिटेल. पण उत्तर साधंच निघालं. “त्या वाढत होत्या. मी बघत बसायचे. घरी काही वाढत नाही.”

इन्क्युबेटरचा पंखा घुमत होता. मेलेआनेने वही पुन्हा उघडली, पहिल्या पानापासून, आणि यावेळी सावकाश वाचली. “‘आज खूप दाटी, सणासारखी’,” ती हळूच म्हणाली. नाक ओढलं. “तू प्रत्येक वेळची मिनिटं लिहिलीयत. प्रत्येक रविवारची.”

“सवय आहे.”

“आंटी, मी टाचण्यांची संख्या आणि तुझी मिनिटं समोरासमोर मांडली तर...” ती थांबली. पिवळी पिशवी तिच्या हातातून खाली पडली होती. “गारठासुद्धा चालतो. चटकाच लागतो असं नाही. नुसतं उबेतून वारंवार बाहेर काढलं तरी त्या विसरत नाहीत.”

हॅमिशला दोघींनी मिळून सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, आणि वही दोनदा वाचली. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं, असं ग्लेनिसला वाटलं. विषय चालू राहील, तो म्हणाला. साध्या बाटल्यांना नवा इन्क्युबेटर, आत तापमान नोंदणारं यंत्र, आणि त्याची किल्ली फक्त मेलकडे. “रविवारचा खाऊ मेल शनिवारी रात्री उशिराच घालेल. रविवारी नुसते बाहेरचे आकडे बघायचे, ग्लेनिस. दार नाही.”

“दार नाही,” ती म्हणाली.

जाताना मेलेआनेने तिला जिन्यात गाठलं. “रविवारी आमच्याकडे जेवायला ये. चर्च साडेबाराला सुटतं. ग्लेनॉर्कीला. आम्ही टोंगाची नऊ-दहा कुटुंबंच आहोत, पण जेवण शंभर माणसांचं असतं. मी लू करते, पानांत गुंडाळून शिजवलेलं मटण. इथे अळूची पानं मिळत नाहीत, पालकात भागवते. आई म्हणते ते पाप आहे.”

“रविवारी माझी पाळी असते,” ग्लेनिस सवयीने म्हणाली. तीन वर्षं ती हेच उत्तर देत आली होती.

“पाच मिनिटांची,” मेलेआने म्हणाली.

रविवारी नदीवरून बोचरा वारा सुटला होता. तिसऱ्या मजल्यावर कुणी नव्हतं. नव्या इन्क्युबेटरवर कागद नव्हता. जुना कागद काढून इथे लावायला ती विसरली होती, किंवा विसरली नव्हती. दारावर हिरवे आकडे होते. तिने ते उतरवले. सदतीस अंश. कार्बन डायऑक्साइड पाच टक्के. अकरा वाजून चार मिनिटं. पुढे लिहिलं, ‘दार उघडलं नाही.’

मग तिने तळवा दारावर टेकवला. बाहेरचा पत्रा जेमतेम कोमट लागत होता. पलीकडे, अंधारात, बाटल्या होत्या. तिने हात काढला, आणि कशालाच हात लावलेला नसताना बेसिनपाशी जाऊन साबणाने धुतला.

ग्लेनॉर्कीची बस मूनावरूनच जाते. ती नेहमीच्या, खिडकीपाशीच्या जागेवर बसली. मूना आलं तसा तिचा हात घंटेच्या बटणाकडे गेला, पण आधीच कुणीतरी घंटा वाजवली होती. बस थांबली. एक म्हातारा पिशव्या सावरत सावकाश उतरला. दार उघडंच राहिलं आणि गार वारा थेट तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. घर इथून चार मिनिटांवर. मागच्या दाराशी बादली भरलेली.

तिने कोटाची वरची गुंडी लावली आणि बसून राहिली.

दार बंद झालं.