चाप हलका केला होता

तीस वर्षांच्या नोकरीत खुनाची प्रकरणे पुष्कळ हाताळली, पण जिच्यात कोणीच मेले नाही अशी एक केस माझ्या मनातून अजून जात नाही. साठच्या दशकातली गोष्ट. मी पालघरला फौजदार होतो. तारापूरच्या बाजूला मोठे बांधकाम सुरू झाले होते, परप्रांतांतले मजूर येत होते आणि आसपासच्या वाड्यांतली माणसे दिवसाही दाराला कडी लावू लागली होती.

नवापूरच्या वाटेवर सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांची केळीची वाडी होती. घरात ते आणि त्यांची पत्नी, दोघेच. एका दुपारी ते पत्नीला जीपमध्ये घालून पालघरच्या दवाखान्यात आले. गोळी तिच्या मांडीत शिरली होती. "तोंड बांधलेला एक माणूस मागच्या दाराने आला, गोळी झाडली आणि पळाला," अशी त्यांनी फिर्याद दिली. संशय कोणावर, असे विचारल्यावर त्यांनी कोणाचेच नाव घेतले नाही. पण गावातल्या दोघांनी एका आदिवासी गड्याचे नाव घेतले. आठवड्यापूर्वी सुभेदारांनी त्याला कामावरून काढले होते आणि तो चढ्या आवाजात बोलला होता. मी त्याला उमरोळीजवळच्या पाड्यावरून उचलून आणले आणि लॉकअपमध्ये टाकले. "मी नाय केलं," एवढेच तो म्हणत होता. मी फारसे ऐकून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवापूरची एक कोळीण टोपली बाहेर ठेवून ठाण्यात आली.

"सायेब, त्या गड्याला सोडा. मी मागच्या दारातच बसले होते. सुभेदारीनबाय बोंबील घ्यायला वाटी आनायला आत गेली नि बार झाला. कोन आला नाय, कोन पलाला नाय."

"कालच का नाही सांगितलंस?"

"मोठ्या मानसाबद्दल कोन बोलल? पन त्याला दोरी लावून नेलंत, ते बगितलं नि घास गिलवला नाय."

मी सुभेदारांकडे त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर मागितले. ते दुरुस्तीला मुंबईला दिले आहे, असे ते म्हणाले. दुकानाचे नाव घेऊन ट्रंक कॉल लावला. दुकानात काही आलेले नव्हते. आता सरळ दिसत होते, नवऱ्यानेच बायकोवर गोळी झाडली. तिला ताप चढला होता आणि डॉक्टर जबाब घेऊ देत नव्हते. ती दगावली असती, तर खुनाच्या प्रयत्नाचे कलम ३०७ जाऊन खुनाचे ३०२ लागले असते.

ठाण्यात सुभेदार दीड तास ताठ बसून होते. या माणसावर ओरडून काही निघणार नाही, हे मला कळले. शेवटी मी त्यांना लॉकअपच्या गजांपुढे उभे केले. गडी उठला आणि त्याने हात जोडले.

"दादा, बाय बरी हाय ना?"

सुभेदारांनी मान फिरवली. मग ते म्हणाले, "याला सोडा. गोळी माझ्या हातून सुटली."

खुर्चीवर बसल्यावर त्यांनी सगळे सांगितले. "केळीच्या विक्रीसाठी मला आठ-आठ दिवस बाहेर राहावं लागतं. ती एकटी असते. रिव्हॉल्व्हरचा चाप जड, तिच्या बोटांना ओढवत नव्हता. म्हणून घरीच कानस घेऊन घासायला बसलो. ती आत आली तेव्हा किती हलका झालाय ते दाखवायला गेलो. गोळ्या आतच राहिल्या होत्या. नुसतं बोट टेकलं."

"मग चोराची गोष्ट कशाला?"

"परवाना माझा आणि हत्यार तिच्या हातात देणार होतो, हा एक गुन्हा. आणि साहेब, मी पलटणीत पोरांना शस्त्र हाताळायला शिकवलंय. कोणत्या तोंडानं सांगू?"

रिव्हॉल्व्हर त्यांच्या घरातल्या भाताच्या कणगीत निघाले. पंचनामा केला. आमच्या आर्मोररने, म्हणजे पोलिसांची हत्यारे सांभाळणाऱ्याने, ते रिकामे असल्याची खात्री करून चापाला करंगळी लावली आणि घोडा पडला. "हे हत्यार मी स्वतःजवळही बाळगणार नाही," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी गड्याला जातमुचलक्यावर सोडले.

तरीही गोळी सुटली की झाडली, हे बाईंच्याच तोंडून यायला हवे होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याआधी मी सुभेदारांना तिच्याजवळ फिरकू दिले नव्हते. डॉक्टरांसमक्ष तिने शब्दशः तेच सांगितले. वर म्हणाली, "मला ओढता येत नाही, असं मीच म्हणत होते. त्यांचं काही वाईट करू नका. आणि दारात कोळीण बसली होती, ती फार घाबरली नाही ना?"

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि चहा मागवला. दोन दिवसांत चव लागलेला तो पहिला चहा.

सुभेदारांवर निष्काळजीपणाचा, खोट्या फिर्यादीचा आणि शस्त्र कायद्याखालचा खटला भरला. त्यांनी गुन्हा कबूल केला. दंड झाला, परवाना रद्द झाला. बाई महिन्याभरात काठी टेकत चालू लागल्या.

गुन्हेगार शिक्षेच्या भीतीने खोटे बोलतो, हे मला ठाऊक होते. अब्रूदार माणूस लाजेपोटी खोटे बोलतो आणि ते पकडायला जास्त वेळ लागतो, हे तेव्हा शिकलो. तेवढा वेळ कोणीतरी गरीब आत बसून काढतो.

पुढच्या रविवारी मी साध्या कपड्यांत त्या पाड्यावर गेलो. माझी चूक झाली, असे गड्याला सांगितले. पोलिसाच्या तोंडून हे लवकर निघत नाही. तो खाली बघत राहिला. त्याची बायको मात्र पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"आमचा मानूस घरी आला ना, साहेब," ती म्हणाली. "बसा. पानी घ्या."