आंदणातली खुर्ची

गेल्या महिन्यात हे गेले, त्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची मागितली. काविळीनं अंगात त्राण उरलं नव्हतं, तरी म्हणाले, "मले त्या खुर्चीवर बसव." मी पाहतच राहिले... आमच्या रेल्वे क्वार्टरात खुर्ची एकच, माझ्या आंदणातली, आणि लग्नापासून हे तिच्यावर एकदाही बसले नव्हते. तिच्यावर यांची गार्डची टोपी असायची, नाहीतर मी पापड वाळत घालायची.

त्या खुर्चीचं मोठं रामायण आहे. भोपाळ नुकतीच राजधानी झाली होती आणि बालाघाटची शिकलेली पोरं तिकडेच डोळे लावून होती. यांची तिथं सचिवालयात बाबू म्हणून निवड झाली, तशी लांजीला आमच्या बाबांनी घाईघाईनं साक्षगंध उरकून घेतलं. पोरगी पंख्याखाली राहील म्हणून गावभर सांगत फिरले. तेवढ्यात यांना छोट्या लाईनवर, अरुंद रुळांच्या गाडीवर, गार्डची जागा मिळाली. पगार कमी, ड्यूटीला ना दिवस ना रात्र. आणि हे एक दिवस एकटेच आमच्या दारात! साक्षगंध झाल्यावर नवरदेवानं लग्नाआधी असं यायची आमच्याकडे रीतच नव्हती. आई पिठाच्या हातानंच आत पळाली.

"मामाजी, मी भोपाळले नाही जाऊन राह्यलो," हे उभ्याउभ्याच बाबांना म्हणाले. "गाडीवर चाललो."

"काहून? त्या खुर्चीसाठी लोक देव पाण्यात बुडवून बसले, अन् तुमी लाथ मारता?"

"कचेरीत हंगामी काम करून पाह्यलं, मामाजी. मले बसवतच नाही. शिट्टी वाजली का जीव तिकडं पळते. लग्न झाल्यावर सांगतलं असतं तर पोरीले फसवनं झालं असतं."

"मंग मोडलं साक्षगंध! जा आता!"

हे वळले. मी पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आले. म्हटलं, "बाबा, साक्षगंध मानसाशी झालं का खुर्चीशी? मी लग्न करीन तं यायच्याशीच."

बाबांनी बरेच दिवस अबोला धरला. शेवटी लग्न लावून दिलं, पण आंदणात दोन हातांची सागवानी खुर्ची दिली आणि भर मांडवात म्हणाले, "घ्या जावईबापू, भोपाळची सोडली, ही तरी ठेवा!" सगळा मांडव हसला. हेही हसले. मला मात्र असा राग आला होता म्हणता!

खोटं कशाला बोलू, पुढं ओढाताण झाली. दिवाळीला हे लामत्याच्या स्टेशनापलीकडं कुठंतरी गाडीत, मी घरी एकटी. पण क्वार्टरासमोरून गाडी जाताना शेवटच्या डब्याच्या दारात उभे राहून हात हलवायचे, तेव्हा तो चेहरा पाहायला मी पोळी तव्यावर जळू दिली आहे. कामावरून कुरकुरत आलेला हा माणूस मी कधी पाहिला नाही.

त्या सकाळी मी त्यांना धरून बसवलं. जरा वेळ खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवत राहिले, मग हसले. "मामाजीले सांगजो... बसलो म्हना एकदाचा."

दुपारी सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी लांजीहून बाबा आले, आता पार थकलेले. मी निरोप सांगितला. शेजाऱ्यांनी तीच खुर्ची पुढं सरकवली, "बसा बाबूजी." टोपी मी परत तिच्यावर ठेवली होती. बाबांनी वाकून तिच्यावरची टोपी उचलली आणि छातीशी धरली. तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी पार दिसेनाशी होईस्तोवर आम्ही दोघं दारात उभे होतो.