आईच्या प्रार्थनेचा माफीनामा

तक्रारदार: मी. शिक्षण आठवी, पुढचे स्वतःचे. इंदापूरच्या कचेरीबाहेर वीस वर्षे अर्ज लिहितो.
अन्याय जिच्यावर झाला ती: माझी आई. मजूर, ख्रिस्ती, निरक्षर.
ज्यांच्याविरुद्ध: वरकुट्याच्या शिवारातील डाळिंब बागेचे मालक. सारे त्यांना आबा म्हणतात.
दिवस: औंदा फुलगळ झाली त्या आठवड्यातला शुक्रवार.
साक्षीदार: कामावरच्या अकरा बाया. एकही साक्ष देणार नाही.

दुपारी भाकरी सोडण्याआधी आई बांधावर गुडघे टेकून प्रार्थना करीत असे. मोठ्याने. बागेची फुले गळाली आणि आबांना कारण सापडले.

मला कचेरीवरून बोलावून घेतले. शेडमध्ये आबा खुर्चीवर, आई मातीत.

"तुजी म्हातारी माज्या बागंत काय मंतरती रं?"

"प्रार्थना करते, आबा. बागेसाठीही करते."

"मग फुलं कुनी गाळली? तुज्या येशूनं?"

बाया हसल्या. मीही हसलो. हे मी मुद्दाम नोंदवतो.

"माफीनामा लिव. पुन्यांदा गुडघं टेकनार न्हाय म्हनून. न्हायतर उद्यापास्नं कामाला येऊ नगं म्हनावं."

मी लिहिला. 'आपण दयासागर आहात. या पामर बाईस क्षमा करावी.' वीस वर्षे साहेबलोकांना याच ओळी लिहीत आलो. हात थांबला नाही. मोठ्याने वाचूनही दाखवला.

"अक्षर झकास हाय गड्या," आबा म्हणाले. खरे सांगतो, मला बरे वाटले.

आई माझ्याकडे पाहत राहिली. "दयासागर? आरं, हे तर आपन प्रभूला म्हनतो."

मग तिने अंगठा दिला.

कागदात फक्त बागेचा उल्लेख होता. पण त्या दिवसापासून आई घरीही गुडघे टेकत नाही. रविवारच्या उपासनेत मागे उभी राहते, ओठ मिटून. मी समजावले, "आई, घराचा त्यात संबंध न्हाय."

"अंगठा दिलाय न्हवं? माजं गुडघं काय बागंतलं येगळं न् घरातलं येगळं हायेत व्हय?"

रोज पहाटे तिच्या वाटणीची प्रार्थना मी करतो. 'दयासागरा' म्हणू जातो आणि डोळ्यांपुढे आबांची खुर्ची येते. तो शब्द गाळून मी पुढे जातो. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराने त्याच्याकडे एवढेच मागितले, माझी आठवण ठेव. ना मायना, ना साक्षीदार. त्याच दिवशी त्याला स्वर्ग मिळाला. परमेश्वराच्या दयेला अर्ज लागत नाही, हे मला पन्नाशीजवळ उमगले. ती अमर्याद आहे, हे मी मानतो. आईपर्यंत ती पोचलेली मला दिसत नाही. आई थकली आहे. मिटल्या ओठांनीच जाईल, असे वाटते.

मागल्या सोमवारी आबांचा माणूस आला. आणखी एका बाईचा माफीनामा हवा होता. "तसाच लिव, दयासागर-बियासागर घालून."

मी पेनाला टोपण लावले. "लिहिणार नाही. दया ही माणसाच्या पायाशी मागायची वस्तू नाही."

"लई शाना झालास व्हय?"

"झालो. आबांना सांगा."

सबब आबा, आपणास कळवतो. तो कागद माझ्या आईच्या हाती, त्याच अकरा बायांसमोर, परत करावा. ही याचना नाही, मागणी आहे. आपण तो द्याल, अशी आशा मला नाही. तरी आई जिवंत आहे तोवर आणि तिच्यानंतरही, दर सोमवारी हीच मागणी मी आपल्या दारावर लावीन. उत्तर लेखी द्यावे.