गुरुवारची पाच रिकामी वर्तुळं

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. लिहिणं म्हणजे अर्ज, नाहीतर परीक्षेचा पेपर, एवढंच मला माहीत. वडील लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करतात. मी माझ्याविषयी थोडं लिहितोय असं त्यांना सांगितलं, तर चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कुणी लेखी मागितलंय का तुला? काय केलंस?"

काय केलं तेच लिहितोय. मोठ्या लेखकांनी लिहावं असं त्यात काही नाही. कमी-जास्त झालं तर समजून घ्यावं.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. माझ्या वाट्याला आलेली शाळा पुंडलिकनगरच्या पुढं होती, शहर जिथं रोज थोडं थोडं पुढं सरकत होतं. ती टंचाईची वर्षं होती. एकीकडं अपार्टमेंटचे स्लॅब पडत होते आणि दुसरीकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. बांधकामावर गावाकडची कुटुंबं आली होती. त्यांच्या गावातही पाणी नव्हतं, पण इथं निदान काम होतं. त्यांची मुलं आमच्या शाळेत यायची. वर्षाच्या मध्येच यायची, मध्येच जायची.

मला सहावीचं गणित मिळालं. वर्ग ज्या सरांचा होता ते पंचवीस वर्षं शिकवत होते आणि मला 'पाव्हणं' म्हणायचे, कारण मी थोड्या दिवसांचा.

शाळेत दर गुरुवारी एक मॅडम यायच्या. त्या अधिकारी नव्हत्या. स्वतः कित्येक वर्षं शिकवून झाल्यावर आता त्या वेगवेगळ्या शाळांत शिक्षकांसोबत काम करायच्या. मागच्या बाकावर बसून तास बघायचा, मग त्या शिक्षकाशी अर्धा तास बोलायचं आणि पुढच्या आठवड्यात काय वेगळं करून बघायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. शाळेत मात्र कुणाचा यावर विश्वास नव्हता. वही घेऊन मागं बसतो तो चुका काढायलाच आलेला असतो, हे आमच्या सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. माझ्या तर फारच.

माझ्या पहिल्या गुरुवारी सकाळी सरांनी मला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, मॅडमचा वार आन् टँकरचा वार एकच हाय. नशीब समजा."

मला काही कळलं नाही.

"कोपऱ्यावर टँकर येतो ना गुरुवारी? शाळेचा प्यायच्या पाण्याचा ड्रम भरायला पोरं धाडावीच लागतात. मग कोणती धाडायची? ज्यांना काय येत नाय ती. मॅडमला हुशार वर्ग दिसतो, शाळेला पाणी मिळतं."

"पण त्यांना कळलं तर?"

"कोण सांगणार? तुम्ही?"

सर हसले, म्हणून मीही हसलो. पण मॅडमनी कॉलेजला काही कळवलं आणि माझे हे महिने धरले नाहीत तर? वडिलांनी अख्ख्या मोंढ्यात सांगून ठेवलं होतं की पोरगा मास्तर होतोय. मी पाच मुलं निवडली.

त्यांत एक मुलगी होती. दिवाळीनंतर आलेली. आई-वडील शाळेसमोरच्याच इमारतीच्या कामावर. कॅन उचलताना ती माझ्यापाशी थांबली.

"सर, आज काय शिकवणार?"

"जा लवकर," मी म्हणालो. "टँकर निघून जाईल."

तास चांगला झाला असं मला वाटलं. प्रश्न विचारला की उत्तर यायचं. नंतर मॅडम रिकाम्या वर्गात माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी वही उघडली. त्या मला 'सर' म्हणायच्या. इतक्या मोठ्या वयाच्या माणसानं मला सर म्हणावं याचीही मला भीतीच वाटली.

वहीत शेरा नव्हताच. वर्गाचा नकाशा होता. प्रत्येक मुलाचं एक वर्तुळ, आणि मी ज्याला प्रश्न विचारला त्याच्याकडं जाणारी एक रेघ.

"सर, तुम्हाला काय दिसतंय यात?"

"मॅडम, आकृती... छान आलीय."

त्या मोठ्यानं हसल्या. "आकृती राहू द्या. रेघा बघा."

सगळ्या रेघा पुढच्या तीन बाकांवर गेल्या होत्या. मागच्या बाकांकडं एकही नाही. हे मी केलं होतं आणि मला माहीतच नव्हतं.

"आणि प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता, ते मोजलं मी," त्या म्हणाल्या. "मनात एक म्हणेपर्यंत तुम्ही उत्तर घेता. नाहीतर स्वतःच देऊन टाकता."

"वर्ग शांत झाला की भीती वाटते, मॅडम." हे माझ्या तोंडून निसटलं.

"कशाची?"

"कुणालाच काही येत नाही असं दिसेल."

"कुणाला दिसेल?"

मी वहीतल्या रेघांकडं बघत राहिलो. त्यांनीही तो प्रश्न तसाच सोडला. म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी प्रश्न विचारून सातपर्यंत मोजा. भीती वाटली तरी मोजा. मी मागं तुमच्याबरोबर मोजते."

मग त्यांनी पेन्सिलीचं टोक मागच्या बाकांवर टेकवलं. तिथं पाच वर्तुळं रिकामी होती. "ही कुणाची?"

"गैरहजर आहेत."

त्यांनी काही लिहिलं नाही. टेबलावर हजेरीपट उघडा पडला होता. पाचही नावांपुढं हजेरी लागलेली होती, माझ्याच अक्षरात.

पुढचे सात दिवस मी शाळेचं गेट ओलांडताना आधी बघायचो, मॅडमची स्कूटर उभी आहे का. गुरुवार नसला तरी बघायचो.

दुसऱ्या गुरुवारी मी प्रश्न विचारला आणि मोजायला लागलो. दोन. तीन. वर्ग इतका शांत झाला की समोरच्या कामावरचं मिक्सर ऐकू यायला लागलं. चारवर पहिल्या बाकावरचा नेहमीचा हात वर आला. मी घेतला नाही. सहावर एका मुलाचा हात अर्धवट वर आला, ज्याचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. त्याचं उत्तर बरोबर होतं. मी मागं बघितलं, तर मॅडमची बाकावर मोजणारी बोटं सहावर थांबली होती.

तासानंतर त्या म्हणाल्या, "सहाव्या अंकाला काय झालं, बघितलंत?" मला इतका आनंद झाला की क्षणभर मी बाकी सगळं विसरलो. मग त्यांनी वहीची दोन पानं शेजारी शेजारी धरली. दोन गुरुवार. तीच पाच वर्तुळं रिकामी.

"मागच्या वेळी गैरहजर, आज पण गैरहजर. मग घंटा व्हायच्या वेळी कॅन घेऊन आत आली ती मुलं कोणती?"

संपलं, असं वाटलं. मी एका दमात सगळं सांगितलं. सरांचं नाव घेतलं नाही, पण त्यांना ते कळलं असणार. शेवटी विचारलं, "कॉलेजला कळवणार का?"

"मी कुणालाच काही कळवत नसते. ते माझं कामच नाही." त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळं मला जास्त लाज वाटली. "पुढच्या गुरुवारी कुणी बाहेर जाणार नाही. पाण्याचं मी मुख्याध्यापकांशी बोलते. अर्धा तास मी शिकवते आणि तुम्ही माझ्या जागेवर बसा. माझ्याकडं बघायचं नाही. एकाच मुलाकडं बघायचं, आणि जे दिसेल ते लिहायचं."

मी त्या मुलीकडं बघायचं ठरवलं.

तिसऱ्या गुरुवारी पाण्याला शिपाईमामा गेले. "मास्तर लोकांचे लाड," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढं पुटपुटत गेले. मी मागच्या बाकावर बसलो. मी काय लिहिलं ते अजून माझ्याकडं आहे. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. तिच्या पायातच. दप्तर उघडलेलं नाही. बाकाखाली कॅन.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला तशी ती अर्धी उठली. कुणी बोलावलं नाही म्हणून परत बसली. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

दोनच गुरुवार मी तिला पाठवलं होतं. पण माझ्याआधी किती गुरुवार? तिच्या लेखी गुरुवारी शाळा नव्हतीच.

मॅडम अपूर्णांक शिकवत होत्या. त्यांनी तिला विचारलं, पाऊण अधिक पाव किती? मी मोजत होतो. सात झाले, नऊ झाले. ती म्हणाली, "नाय येत."

"बरं. कुठपर्यंत येतं?"

तिनं विचार केला. "पाव म्हंजे चारातला एक. तिथवर येतं."

"मग तिथून धरू."

एवढंच. तिला चूक म्हटलं नाही की शाबासकीही दिली नाही. माझ्या पाठाच्या टाचणात असलं वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी ते रोज वापरायला लागलो. कुठपर्यंत येतं? मुलं सांगायची. सरांच्या मते ज्यांना 'काय येत नाय' त्या पाचांनाही कुठंतरी थोडंफार येत होतं. पुढच्या आठवड्यात ती मुलगी फळ्यापर्यंत आली. तिच्या चपला दाराबाहेर होत्या, हे मी मुद्दाम बघितलं.

मला वाटलं, भीती गेली.

त्यानंतरच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी मी तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला विचारलं.

"सर, ती नाय येणार आता."

"का गं?"

"टँकरवर कुणीतरी तिच्या आईला म्हणलं, तुमची पोरगी दर गुरुवारी हितंच असती लायनीत. मग तिची आई म्हणली, शाळेत जाऊन पाणीच भरायचं तर घरचं भर की."

"पण आता तर मी पाठवत नाही कुणाला!"

"तिनं बी तेच सांगितलं. आई नाय म्हणली."

मी सांगितल्यावर मॅडम त्या दिवशी माझ्या तासाला बसल्याच नाहीत. आम्ही दोघं रस्ता ओलांडून समोरच्या कामावर गेलो. वाटेत मी तिच्या आईला काय बोलायचं ते जुळवत होतो. चूक माझी आहे, तिची नाही, असं. पत्र्याच्या खोल्यांपैकी दोन मोकळ्या होत्या. वॉचमन म्हणाला, "काल सांजच्याला गेले की. स्लॅब झाला, काम सरलं."

"कुठं गेले?"

"कुणाला सांगून जातेत का ते? जिकडं काम निघंल तिकडं."

मी तिथंच वाळूच्या ढिगावर बसलो. मॅडमना म्हणालो, "मॅडम, तिची शाळा माझ्यामुळं सुटली." त्या 'तसं नाही' म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "काही तुमच्यामुळं. काही नाही. आता पुढं काय करता येईल ते बघू."

शाळेत परत येऊन त्यांनी सरांना सांगितलं की तिचं नाव पटावरून कमी करू नका. मला समजावून सांगितलं, "मूल दुसऱ्या शाळेत गेलं की ती शाळा आपल्याकडं दाखला मागते. तसं पत्र आलं, तर ती कुठंतरी वर्गात बसलीय. नाही आलं तर..."

सर हे सगळं ऐकत उभे होते. बराच वेळ त्यांनी हजेरीपटाचं पान नुसतंच धरून ठेवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, पुढच्या गुरुवारी माझ्या तासाला बसता का मागं?"

माझे महिने संपले. कॉलेजात माझं काही अडलं नाही. निकाल लागला तेव्हा वडिलांनी मोंढ्यात पेढे वाटले आणि एक पेढा माझ्यासाठी खिशात घालून घरी आणला. मी तो डब्यात ठेवून दिला. मी दर शनिवारी काहीतरी निमित्त काढून शाळेत फोन करायचो. सर माझं निमित्त संपायची वाट बघत नसत. "पाव्हणं, पत्र नाय." जूनमध्ये शाळा उघडल्या. "पत्र नाय." सर आता पाव्हणं म्हणताना हसत नसत. मला स्वप्नात हॉर्न ऐकू यायचा. उद्या मला नोकरी लागेल, माझ्यापुढं वर्ग असेल, आणि ती कुठल्या तरी टँकरच्या रांगेत असेल, हे मनातून जात नव्हतं.

नोकरी मिळेपर्यंत मी शहागंजात एका कापड दुकानात दुपारचा बसायचो. एके दिवशी मी गाठोडं सोडत होतो आणि गल्ल्यावरून मालक ओरडले, "अरे मास्टर, तेरा फोन कब से बज रहा! उठाता क्यूं नै?"

मॅडमचा नंबर होता. गाठोडं तसंच टाकून मी फोन उचलला.

"सर, पत्र आलंय," त्या म्हणाल्या. "पैठणकडच्या एका गावातली शाळा आहे. दाखला मागितलाय. सातवीत बसलीय ती."

मी दुकानाच्या पायरीवर आलो. गर्दीत काही ऐकू येत नव्हतं, म्हणून दुसरा कान बोटानं दाबून धरला.

"तिथल्या सरांशी बोलले मी. रोज येते म्हणाले. फक्त..." मॅडम थांबल्या. मी मोजत होतो की नव्हतो, आठवत नाही. "पहिल्याच दिवशी तिनं त्यांना विचारलं म्हणे, सर, इथं पाण्याला कोणत्या वारी जायचं?"