गेल्या वर्षी आलेल्या शुभदाताई

गावात कुणाच्या अंगात आलं की मी आधी त्याला पाणी देते आणि जेवलास का विचारते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास एवढाच! म्हणून हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय. पण घडलं ते घडलं...

आमचं घर मुरबाडहून माळशेजकडे जाताना, वैशाखरे सोडलं की थोडं आत. अंगणातून नाणेघाटाचा कडा सरळ समोर दिसतो. माझे मिस्टर वसंत कल्याण-मुरबाड जीप चालवतात. मुंबई-नाशिकचे लोक इकडे धबधबे आणि डोंगर बघायला येतात, म्हणून आम्ही गोठा पाडून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. चुलीवरचं जेवण, ओढ्यात डुंबणं, घाटात भटकणं – एवढंच आमच्याकडे. कुणी विचारलंच, वरून समुद्र दिसतो का, तर वसंत हसून म्हणतात, "डोंगर हाय ना, त्याच्यात भागवा."

खोल्या सुरू केल्या त्याच वर्षी, भातकापणी झाल्यावर, नाशिकचं एक जोडपं आलं. शुभदाताई आणि त्यांचे मिस्टर, दोघेही रिटायर्ड शिक्षक. ताई गाडीतून उतरल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "सुनंदा, किती बारीक झालीस गं!"

"आपण भेटलोय का आधी?" मी विचारलं.

"असं काय करतेस? गेल्या वर्षी नाही का आलो! तुझ्या हातची नाचणीची भाकरी अजून आठवते मला."

गेल्या वर्षी त्या खोल्यांच्या जागी आमची गाय बांधलेली असायची. मला वाटलं, दुसरीकडे कुठे राहिल्या असतील, घोटाळा होतोय. पण ताई कुणाला न विचारता घरामागे न्हाणीघराकडे गेल्या. तिथली कडी वर उचलून मग ओढावी लागते. प्रत्येक नवा पाहुणा तिथे अडतो. त्या नाही अडल्या.

पहिला संशय मला वसंतवरच आला. स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "ही बाई आधी येऊन गेलीय ना? खरं सांगा."

"नाय गो! फोनवर पण तिचा नवराच बोलला. तुझं नाव पण नाय सांगितलं मी."

मला ते पटलं नाही. रात्रभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

सकाळी वसंत ताईंच्या मिस्टरांना कडा दाखवायला घेऊन गेले. मी ओढ्यावर कपडे धूत होते, ताई शेजारी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "त्या गाठीचं काय झालं? दाखवलंस?"

"कसली गाठ?"

"डाव्या काखेतली. इथेच बसून सांगितलं होतंस मला."

गाठ मला कापणीच्या दिवसांत, आंघोळ करताना लागली होती. गेल्या वर्षी काहीसुद्धा नव्हतं. वसंतना सांगितलं नव्हतं, कसाऱ्याच्या बहिणीलाही नाही. माझ्या डोक्यात आलं – आता ही पर्समधून अंगारा काढणार, नाहीतर कुठल्यातरी बाबाचं नाव सांगणार! मी वाटच बघत होते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "घाबरू नकोस, पण जा." आणि डोंगराचे फोटो काढायला लागल्या.

जेवणाआधी मी त्यांच्या मिस्टरांना एकटं गाठलं. "तुमी गेल्या वर्षी आला होता का हो?"

त्यांनी खोलीकडे बघून आवाज खाली केला. "नाही हो, पहिल्यांदाच. पण टोकावड्यापासून ही मला वळणं सांगत होती. घरी कधी असं करत नाही... तुमचं फोनवर काही बोलणं झालं होतं का?"

म्हणजे ते माझ्यावरच संशय घेत होते!

ते दोघं नाशिकला परतल्यावर बरेच दिवस मी नुसती चिडचिड करत होते. शेवटी वसंतना सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी मला जीपमध्ये बसवून कल्याणला घेऊन गेले. तपासण्या, ऑपरेशन, पुढची ट्रीटमेंट... सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

अंगात बळ आल्यावर मी शुभदाताईंना फोन केला. आभार मानायला, आणि खरं सांगायचं तर, त्यांना पकडायला.

"ताई, तुमी गाठीचं विचारलं म्हणून मी वाचले."

त्या म्हणाल्या, "अहो, मी? मला कसं माहीत असणार? आपण ओढ्यावर बसलो होतो, पण तुम्ही तर काहीच बोलत नव्हता. आणि गेल्या वर्षी कुठलं... आम्ही तिकडे पहिल्यांदाच आलो होतो."

आवाज खोटा वाटला नाही. तेच जास्त त्रासाचं आहे.

डॉक्टर म्हणतात, तुम्ही नकळत काख दाबत असाल, शिक्षिकेच्या नजरेला दिसलं. वसंत म्हणतात, देवीनं पाठवली. मला दोन्ही पटत नाही. त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही, मागितलं नाही... मग खोटं बोलून मिळणार काय?

परवा त्यांच्या मिस्टरांचा मेसेज आला, पुन्हा दोन दिवस यायचं म्हणतायत. वसंत म्हणाले, "हो सांग की! तिच्यामुळं तर तू हायस." खरं आहे. मला ताईंचे पाय धरावेसे वाटतात. पण गाडीतून उतरून या वेळी त्या मला काय विचारतील?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.