अप्पांची घोडी आणि माझी नजर

ही गोष्ट मी कुठं सांगितली नाही? लग्नात सांगितली, बारशात सांगितली, परभणीला बड्या अंमलदारांच्या बैठकीतही सांगितली. पण खरी अशी आजवर कुणालाच नाही – घरातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

निजामी अमलात मी वालूरकडच्या एका गावी दवाखान्यात डॉक्टर होतो. मिशा पिळदार, रुबाब मोठा, अक्कल – ते पुढं येईलच.

अप्पा लिंगायत शेतकरी. गालात कॅन्सर. हैदराबादेतल्या डॉक्टरांनीही हात टेकलेले. रोज यायचे, जखम दाखवायचे आणि माझ्या औषधाला, मला, माझ्या मिशांना शिव्या घालायचे. एके दिवशी शिव्या थांबल्या. अप्पा चक्क हसले. "डाक्टरसाब, तुमी लय केलं माझ्यासाठी," म्हणाले आणि आपली तांबडी घोडी माझ्या दारात बांधून गेले. सख्ख्या भावालाही त्यांनी जिला हात लावू दिला नव्हता, ती घोडी.

मी काय समजलो असेन? औषध लागू पडलं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको काशीबाई धापा टाकत, रडत आली. "ते हसायलेत," म्हणाली. "दुखणं तसंच हाय, अन् हसायलेत. घोडी देऊन टाकली. सकाळपासून घरी न्हाईत. मला लय भ्या वाटायलंय, चला तुमी."

आणि मी – कसं सांगू – मी थट्टा केली. "नवरा हसतोय तर रडता कशाला? जा, गोडधोड करा." ओसरीवरचे रोगी हसले. ती तशीच निघाली, एकटीच, नवऱ्याला शोधायला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? नवी घोडी सगळ्यांना दाखवायची होती. बूट चढवून मांड ठोकली. मला सेलूच्या रस्त्याला लागायचं होतं. घोडीचं मत वेगळं होतं. ती उधळली ती थेट अप्पांच्या शेतात. मी तिच्या मानेला मिठी मारून, टोपी कुठं पडली पत्ता नाही.

झाडाखाली अप्पा बसले होते. आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर. पटका शेजारी ठेवलेला आणि पटक्यावर गळ्यातलं लिंग. लिंगायत माणूस ते जिवंतपणी अंगावेगळं करत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला – शिव्या का थांबल्या, घोडी का दिली, काशीबाई का रडत होती.

घोडीवरून अर्धवट लोंबकळतच विचारलं, "अप्पा, जीव द्यायला बसलात का?"

असं सरळ विचारावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. उलट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो, असंच समजत होतो. भीतीनं तोंडातून निघून गेलं.  अप्पा रडले. लिंगाकडं बोट करून म्हणाले, "ह्या पापात त्याला कशाला घ्यायचं?" आणि मग सगळं बाहेर पडलं. दुखणं होतंच, पण त्याहून जखमेचा वास. "माझ्यापायी घरात कुणाला घास जाईना झालाय," म्हणाले.

काशीबाई पोचली तेव्हा अप्पांनी लिंग पुन्हा गळ्यात घातलं होतं.

त्या दिवसापासून जखम मी स्वतः धुऊ लागलो. दुखण्यावरचं औषध हात आखडता न घेता वेळेवर दिलं. त्यांना एकटं सोडायचं नाही, असं घरच्यांना बजावलं. आणि एका सकाळी – अहाहा – शिव्या परत सुरू झाल्या. असं मधुर काही मी आयुष्यात ऐकलं नाही. पुढं ज्याचं दुखणं मोठं, त्या प्रत्येकाला मी तसंच सरळ विचारत गेलो. कितीजण बोलले म्हणून सांगू.

अप्पा लेकीच्या लग्नात नवा पटका बांधून मी परत केलेल्या त्याच घोडीवर वरातीपुढं होते. पुढं गेले ते दुखण्यानं, अंथरुणावर, माझ्या मिशांना नावं ठेवत.

त्याच लग्नात, भरल्या पंगतीत, मी अप्पांच्या व्याह्यांना सांगत होतो – "चेहरा पाहिला आणि ओळखलं. लगेच घोडीला टाच मारली." काशीबाई वाढायला समोर उभी होती. तिनं सगळं ऐकलं.  माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली.

मी ती चवीनं खाल्ली. आणि गोष्ट पुढं चालू ठेवली.